बेसबॉलची मॅच संपतच नाही तेव्हा काय होतं?

२७ ऑक्टोबर २०२५ ची संध्याकाळ, लॉस एंजेलिसचं डॉजर स्टेडियम. वर्ल्ड सीरिजची, म्हणजे मेजर लीग या सर्वांत वरच्या लीगच्या अंतिम लढतीची, तिसरी मॅच, डॉजर्स विरुद्ध टोरांटो ब्लू जेज. आपल्याकडे तेव्हा २८ तारखेची पहाट होती. सकाळच्या पहिल्या चहाला ज्यांनी टीव्ही लावला, त्यांची जेवायची वेळ झाली तेव्हा कुठे ती मॅच संपली. सहा तास एकोणचाळीस मिनिटं. नऊ इनिंगची मॅच अठरा इनिंग चालली, म्हणजे एका तिकिटात बरोबर दोन मॅच. शेवटी फ्रेडी फ्रीमनने होम रन मारला, म्हणजे चेंडू कुंपणापार पाठवला, आणि डॉजर्स ६–५ ने जिंकले.

त्या रात्रीचा होम रन सगळ्यांच्या लक्षात राहिला. माझ्या डोळ्यांसमोर मात्र योशिनोबू यामामोतो येतो. अठरावी इनिंग चालू असताना तो बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचर (चेंडू टाकणारे) हात मोकळा करतात त्या कोपऱ्यात, चेंडू टाकत उभा होता. दोनच दिवसांपूर्वी त्याने एकट्याने अख्खी मॅच टाकली होती, १०५ चेंडू. नेहमीच्या हिशोबाने त्याची पुढची पाळी यायला अजून काही दिवस होते. तरी तो उठला, कारण त्याच्या संघाकडे टाकायला दुसरं कुणी उरलंच नव्हतं.

लांबलेल्या बेसबॉल मॅचमध्ये काय होतं, याचं उत्तर त्या कोपऱ्यात आहे. धावफलकावर एकामागून एक शून्यं चढत असतात आणि पडद्याआड एक साठा संपत असतो. तो साठा म्हणजे पिचरांचे हात.

आधी खेळाची जुजबी ओळख. बेसबॉलच्या एका इनिंगचे दोन भाग. पहिल्या भागात पाहुणा संघ बॅटिंग करतो, दुसऱ्या भागात यजमान. मैदानात चार बेस असतात; बॅटर पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या बेसवरून फिरून घरी, म्हणजे जिथून निघाला तिथे, परत आला की एक धाव. तीन आऊट झाले की भाग संपला. अशा नऊ इनिंग झाल्या आणि धावा सारख्या असल्या, तर दहावी सुरू होते. तीही बरोबरीत सुटली तर अकरावी. घड्याळाचं बंधन नाही, पेनल्टी शूटआऊट नाही, सुपर ओव्हर नाही. एक पूर्ण इनिंग संपल्यावर कुणीतरी पुढे असलं पाहिजे, एवढी एकच अट. यजमान दुसऱ्या भागात खेळत असल्यामुळे त्यांची विजयी धाव निघाली की मॅच तिथल्या तिथे संपते. उरलेले आऊट वाया.

आता मुख्य गोष्ट. क्रिकेटमध्ये कर्णधार बुमराला दोन षटकं देतो, बाजूला ठेवतो आणि शेवटी पुन्हा आणतो. मधल्या वेळात बुमरा मैदानातच, सीमारेषेवर उभा असतो. बेसबॉलमध्ये एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या मॅचमध्ये परत येऊ शकत नाही. पिचर असो, बॅटर असो, बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा कॅचर असो, गेला तो गेला. मेजर लीगच्या संघात २६ खेळाडू असतात आणि त्यांतले जास्तीत जास्त १३ पिचर. सुरुवातीचा पिचर साधारण पाच-सहा इनिंग टाकतो. पुढे एकेका इनिंगला एकेक ताजा पिचर येतो आणि नवव्या इनिंगला सगळ्यात भरवशाचा. आधीच्या पाळ्या उरकून विश्रांतीवर असलेले चार-पाच पिचर वजा केले, तर दहाव्या इनिंगला मॅनेजरच्या हातात मोजकीच माणसं राहतात, आणि तीही बहुतेक क्रमवारीतली खालची.

पिचरला एवढं जपायचं कारण त्याच्या हातावर येणारा ताण. आजचा पिचर जवळजवळ प्रत्येक चेंडू पूर्ण जोर लावून टाकतो. ताशी दीडशे किलोमीटरचा वेग आता नेहमीचा झाला आहे. खांद्यावर आणि कोपरावर त्याचा किती भार येतो, याची कल्पना शस्त्रक्रिया झालेल्या पिचरांच्या संख्येवरून येते. म्हणून सुरुवातीचा पिचर शंभराच्या आसपास चेंडू टाकून थांबतो आणि पुढचे चार-पाच दिवस मॅचमध्ये उतरत नाही. अमेरिकेतल्या ज्या मराठी घरांतली मुलं लिटल लीग, म्हणजे लहान मुलांचं बेसबॉल, खेळतात, त्या आईबापांना हे हिशोब पाठ असतील. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला दिवसात ८५ चेंडूंची मर्यादा आहे आणि ६६ किंवा त्याहून जास्त टाकले तर चार दिवस सक्तीची विश्रांती. मूल कितीही हट्टाला पेटलं तरी कोच त्याला टाकू देत नाही, आणि ते योग्यच आहे.

मॅच लांबत जाते तशी मॅनेजरची अडचण बदलत जाते. दहाव्या-अकराव्या इनिंगला तो जिंकायचा विचार करतो. चौदाव्या-पंधराव्याला उद्याचा विचार सुरू होतो: याला आणखी दोन इनिंग ठेवलं तर उद्या कोण टाकणार? परवा कोण? सतराव्या-अठराव्याला उद्याचा सुरुवातीचा पिचर आजच वापरायचा की पिचर नसलेल्या एखाद्या खेळाडूच्या हातात चेंडू द्यायचा, एवढाच पर्याय शिल्लक राहतो.

हे खरोखर घडतं. १७ एप्रिल २०१० ला सेंट लुईसमध्ये कार्डिनल्स आणि मेट्स यांच्यात अठरा इनिंग एकही धाव निघाली नाही. कार्डिनल्सनी अठराव्या इनिंगला चेंडू दिला फेलिपे लोपेझकडे. तो इनफिल्डर, म्हणजे बेसजवळ क्षेत्ररक्षण करणारा खेळाडू. मैदानातली माणसं पुरेनात म्हणून काइल लोश या सुरुवातीच्या पिचरला लेफ्ट फील्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या डाव्या टोकाला, उभं केलं. पुढच्या दोन इनिंग जो मॅथर या आउटफिल्डरने, म्हणजे लांबवर क्षेत्ररक्षण करणाऱ्याने, टाकल्या, आणि विसाव्या इनिंगला मेट्स २–१ ने जिंकले. ६ मे २०१२ ला बॉस्टनमध्ये तर दोन्ही संघांवर ही पाळी आली. बॉल्टिमोरचा ख्रिस डेव्हिस त्या दिवशी बॅटने सपशेल फसला होता, आठ वेळा येऊन एकही हिट, म्हणजे बेस मिळवून देणारा फटका, नाही. सोळाव्या इनिंगला त्याला पिचिंगला पाठवलं, त्याने दोन इनिंगमध्ये एकही धाव दिली नाही आणि विजयी पिचर म्हणून त्याचं नाव लागलं; बेसबॉलमध्ये दर विजय एका पिचरच्या नावावर मांडतात. बॅटर म्हणून इतक्या वाईट दिवशी पिचर म्हणून जिंकणं या खेळातच होऊ शकतं. मला ही गोष्ट फार आवडते.

आणि माणसं पुरतीच संपली तर? मैदानात नऊ खेळाडू उभे करता आले नाहीत तर मॅच प्रतिस्पर्ध्याला बहाल होते. म्हणून शेवटचा राखीव खेळाडू वापरताना मॅनेजरचा हात आखडतो. त्यानंतर कुणाचा पाय मुरगळला तर बदली कोण?

खरी किंमत दुसऱ्या दिवशी कळते. ज्या पिचरने रात्री चार-पाच इनिंग टाकून संघाला तारलं, त्याचा हात पुढचे काही दिवस कामाचा नसतो. संघाला मात्र दुसऱ्याच दिवशी ताजा हात हवा असतो. मग खालच्या लीगमधून एखादा पिचर रातोरात बोलावला जातो, आणि त्याला जागा करून देण्यासाठी पुष्कळदा कालच्या वीरालाच खाली पाठवतात. नियमात बसतं, हिशोबातही बसतं. तरी कालपर्यंत टाळ्या घेतलेला मुलगा बॅग भरून छोट्या गावच्या संघाकडे निघतो, हे वाचलं की मला दरवेळी वाईट वाटतं.

आता एक प्रश्न: मॅच इतकी लांबतेच कशी? साधं गणित करून बघू. इनिंगच्या एका भागात धाव न निघण्याची शक्यता ढोबळमानाने दहात सात. दोन्ही भाग कोरडे जाण्याची शक्यता शंभरात एकोणपन्नास. त्यात दोन्ही संघांनी सारख्याच धावा काढण्याची थोडी शक्यता मिळवा. म्हणजे प्रत्येक जादा इनिंग बरोबरीत सुटण्याची शक्यता निम्म्याहून जराशी जास्त. नाणेफेकच म्हणा ना. आणि नाण्याला आठवण नसते. मॅच सतराव्या इनिंगला पोचली म्हणून अठराव्याला ती संपण्याची शक्यता वाढत नाही. पिचर दमले तर बॅटरही दमलेले, थंडीने बोटं आखडलेली, आणि अशा वेळी प्रत्येक जण एकाच फटक्यात मॅच संपवायला बघतो. त्यातच बॅटर झटपट बाद होत जातात.

जुन्या काळी प्रकाश गेला की मॅच थांबायची. १ मे १९२० ला बॉस्टनच्या ब्रेव्ह्ज फील्डवर ब्रुकलिन आणि बॉस्टन २६ इनिंग खेळले आणि १–१ अशा बरोबरीत अंधार पडला. मेजर लीगमधली इनिंगच्या हिशोबाने हीच सर्वांत लांब मॅच. ब्रुकलिनचा लिऑन कॅडोर आणि बॉस्टनचा जो ओएशगर या दोघांनी सगळ्याच्या सगळ्या २६ इनिंग टाकल्या. आज पाच पिचर मिळून जेवढं टाकतील तेवढं प्रत्येकाने एकट्याने. वेळ किती लागला? तीन तास पन्नास मिनिटं. ब्रुकलिनचं दुखणं मात्र तिथे संपलं नाही. दुसऱ्या दिवशी ते फिलाडेल्फियाशी १३ इनिंग खेळून हरले, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा बॉस्टनशी १९ इनिंग खेळून हरले. तीन दिवसांत ५८ इनिंग आणि विजय शून्य.

प्रकाशझोत आले आणि अंधाराचा पंच निवृत्त झाला. त्याची जागा काही काळ वेळेच्या मर्यादेने घेतली: रात्री अमुक वाजल्यानंतर नवी इनिंग सुरू करायची नाही, मॅच स्थगित करायची आणि नंतर तिथूनच पुढे खेळायची. ८ मे १९८४ ला शिकागोत व्हाइट सॉक्स आणि मिलवॉकी ब्रुअर्स यांची मॅच सतरा इनिंगनंतर ३–३ वर अशीच थांबली. दुसऱ्या दिवशी पुढे सुरू झाली. एकविसाव्या इनिंगला मिलवॉकीने तीन धावा काढल्या, शिकागोनेही लगेच तीन काढल्या. पंचविसाव्याला हॅरल्ड बेन्सच्या होम रनने शिकागो ७–६ ने जिंकले. एकूण वेळ आठ तास सहा मिनिटं, मेजर लीगमध्ये वेळेच्या हिशोबाने सर्वांत जास्त. शेवटची इनिंग टाकायला शिकागोने टॉम सीव्हरला आणलं होतं. ती मॅच त्याच्या नावावर लागली, आणि लगेच त्या दिवसाची नेहमीची मॅच सुरू झाली, तीही त्यानेच टाकली आणि जिंकली.

स्थगित मॅचच्या नोंदींचा नियम गमतीचा आहे. मॅच कधीही पुरी झाली तरी तिची तारीख मूळ दिवसाचीच राहते. त्यातून २०२४ मध्ये अजब प्रकार घडला. २६ जूनला बॉस्टनच्या फेनवे पार्कवर टोरांटोचा डॅनी जॅन्सन बॅटिंगला उभा असताना पावसाने मॅच थांबली. पुढे जॅन्सन बॉस्टनच्याच संघात गेला. २६ ऑगस्टला मॅच जिथे थांबली होती तिथून सुरू झाली, तेव्हा टोरांटोने त्याच्या जागी दुसरा बॅटर पाठवला आणि त्या बॅटरच्या मागे बॉस्टनचा कॅचर म्हणून जॅन्सनच बसला. मेजर लीगच्या इतिहासात एकाच मॅचमध्ये दोन्ही संघांकडून खेळलेला तो पहिला खेळाडू.

२०२० मध्ये, करोनाच्या काळात, मेजर लीगने नियम बदलला. दहाव्या इनिंगपासून प्रत्येक भाग सुरू होतानाच दुसऱ्या बेसवर एक धावक आयता उभा करायचा. आधीच्या इनिंगमध्ये शेवटी बाद झालेला खेळाडू सहसा तिथे उभा राहतो. एका चांगल्या फटक्यात तो घरी पोचू शकतो, त्यामुळे दोन्ही भाग कोरडे जाण्याची शक्यता एकदम घसरते आणि बहुतेक मॅच एक-दोन जादा इनिंगमध्ये निकालात निघतात. त्या धावकाची धाव पिचरच्या खात्यात त्याची चूक म्हणून मांडत नाहीत, कारण त्याला तिथे पिचरने पोचवलेलंच नसतं. २०२३ मध्ये नियम कायमचा झाला. हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांना, म्हणजे प्लेऑफला, तो लागू नाही, म्हणूनच डॉजर्स आणि ब्लू जेज अठरा इनिंग खेळू शकले.

जुन्या चाहत्यांना हा नियम आवडत नाही. मेहनत न करता बेसवर पोचलेला माणूस त्यांना खुपतो, आणि मलाही सुरुवातीला खुपला. पण १६२ मॅचच्या हंगामात मे महिन्यातल्या एका मंगळवारी वीस इनिंग टाकून चार पिचरांचे हात जायबंदी करायचे, हे कुणाच्या भल्याचं? हंगामात हा नियम असावा आणि प्लेऑफमध्ये नसावा, ही आजची विभागणी मला पटते. जपानच्या व्यावसायिक लीगने तर वेगळाच मार्ग काढला आहे: हंगामातली मॅच बारा इनिंगनंतर बरोबरीत सोडायची आणि घरी जायचं. त्याच जपानमध्ये २०१४ च्या ऑगस्टमध्ये रबरी चेंडूच्या राष्ट्रीय शालेय स्पर्धेतली उपांत्य मॅच चार दिवस चालली. ५० इनिंग. चुक्यो शाळा ३–० ने जिंकली. दोन्ही बाजूंनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकेकाच मुलाने टाकलं. त्या मुलांच्या जिद्दीला दाद देतानाच, मोठ्या माणसांनी हे चार दिवस चालू दिलं याचा मला रागही येतो.

आता या सगळ्या प्रकाराची आई म्हणावी अशी मॅच. ऱ्होड आयलंड राज्यातलं पॉटकेट गाव, मॅकॉय स्टेडियम, १८ एप्रिल १९८१, ईस्टरच्या आदली शनिवारची रात्र. मेजर लीगच्या एक पायरी खाली असलेल्या लीगमधले दोन संघ, पॉटकेट रेड सॉक्स आणि रोचेस्टर रेड विंग्ज. दिवे बिघडल्याने मॅच अर्धा तास उशिरा सुरू झाली. हवा कडाक्याची थंड, वारा बाहेरून आत वाहणारा, त्यामुळे उंच गेलेले चेंडू कुंपणापर्यंत पोचेनात. रोचेस्टर १–० ने पुढे होतं. नवव्या इनिंगला पॉटकेटने बरोबरी केली आणि जादा इनिंग सुरू झाल्या.

एकविसाव्या इनिंगला रोचेस्टरने एक धाव काढली. आता संपली, असं सगळ्यांना वाटलं. तेवढ्यात पॉटकेटच्या वेड बॉग्जने फटका मारून पुन्हा बरोबरी केली, २–२. आपल्या सहकाऱ्यांना तेव्हा आपल्याला मिठी मारायची होती की धोपटायचं होतं हेच कळलं नाही, असं बॉग्जने पुढे सांगितलं आहे. खेळाडू मोडक्या बॅटी आणि लाकडाचे तुकडे जाळून हात शेकत होते. रोचेस्टरचा कॅचर डेव्ह हपर्ट ३१ इनिंग उकिडवा बसला. डॅलस विल्यम्सला तेरा प्रयत्नांत एकही हिट मिळाला नाही. रोचेस्टरच्या जिम अंबार्जरने बदली पिचर म्हणून येऊन दहा इनिंग टाकल्या आणि एकही धाव दिली नाही.

रात्री उशिरा मॅच थांबवायचा नियम त्या लीगमध्ये होता. पण अंपायरांकडच्या त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत तो छापलेलाच नव्हता, आणि जे लिहिलेलं नाही ते अंपायर कसं लावणार? लीगचे अध्यक्ष हॅरल्ड कूपर यांना फोन लागेपर्यंत तीन वाजून गेले होते. त्यांनी चालू इनिंग संपवून थांबायला सांगितलं. बत्तिसावी इनिंग संपली तेव्हा ईस्टरच्या पहाटेचे चार वाजून सात मिनिटं झाली होती. सुरुवातीला १,७४० प्रेक्षक होते, शेवटी १९ उरले. त्या एकोणीस जणांना क्लबने मैदानाचे पास भेट दिले.

पुढची इनिंग दोन महिन्यांनी झाली, २३ जूनला, रोचेस्टरचा संघ पुन्हा पॉटकेटला आला तेव्हा. मेजर लीगचे खेळाडू त्या वेळी संपावर होते, त्यामुळे देशभरच्या बातमीदारांना दुसरं लिहायला काही नव्हतं. मैदान भरलं, ५,७४६ माणसं आली. रोचेस्टरने तेहतिसाव्या इनिंगच्या पहिल्या भागात काही काढलं नाही. पॉटकेटच्या मार्टी बॅरेटला चेंडू लागला म्हणून त्याला पहिला बेस मिळाला, पुढच्याने हिट मारला, त्याच्या पुढच्याला मुद्दाम चार चेंडू बाहेर टाकून बेस दिला. तिन्ही बेस भरले, आऊट एकही नाही. डेव्ह कोझाने डाव्या बाजूला फटका मारला आणि बॅरेट धावत घरी आला. ३–२. आधीचे आठ तास सात मिनिटं आणि ही अठरा मिनिटं.

तिसऱ्या बेसवर त्या रात्री एका बाजूला बॉग्ज होता, दुसऱ्या बाजूला कॅल रिपकेन. दोघंही पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या मानाच्या यादीत, गेले. कोझाला मात्र मेजर लीगमध्ये एकही मॅच खेळायला मिळाली नाही. व्यावसायिक बेसबॉलमधली सर्वांत लांब मॅच त्याच्या बॅटवर संपली.